लिहिलेले आणि न लिहिलेले : अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख यांची वाटचाल

आपला प्रश्न दोन भागांचा आहे. फ्री जाझमध्ये पहिला स्वर उमटेपर्यंत काहीच ठरलेले नसते असे सांगितले जाते. मग त्यातल्या पियानोवादकाच्या नावापुढे ‘संगीतरचनाकार’ असेही का लिहितात, हा त्याचा पहिला भाग. युरोपातल्या अशा एकाच कलावंताची कारकीर्द सुरुवातीपासून समजून घ्यायची असेल तर कोणाची घ्यावी, हा दुसरा. मी गेली तीसहून अधिक वर्षे पियानो वाजवतो आणि शिकवतो, आणि त्यातली निम्मी वर्षे तरी उत्स्फूर्त वादन करणाऱ्या छोट्या संचांबरोबर गेली आहेत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एकच नाव आहे, ते म्हणजे बर्लिनचे अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच कारकिर्दीतून मिळते, म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करतो.

श्लिपेनबाख यांचा जन्म ७ एप्रिल १९३८ रोजी बर्लिनमध्ये झाला. त्यांचे रीतसर शिक्षण झाले ते कोलोनच्या संगीत महाविद्यालयात, आणि तेही रचनाशास्त्राचे. या शहराचा त्या काळातला परिसर ध्यानात घेतला नाही तर पुढचे बरेच काही निसटते. पश्चिम जर्मन नभोवाणीचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ कोलोनमध्येच होता आणि श्टॉकहाउझेन यांच्यासारखे रचनाकार तिथे काम करत होते. युद्धानंतरच्या युरोपात नव्या संगीताचे जे वाद झडत होते, त्यांतले कितीतरी याच गावात सुरू झाले. श्लिपेनबाख यांचे गुरू बेर्न्ट आलोइस त्सिमरमान हे मात्र त्या मंडळींत थोडे बाजूला पडलेले, स्वतःच्या वाटेने जाणारे रचनाकार होते. सप्तकातले बाराही स्वर समान मानणाऱ्या बारास्वरी पद्धतीवर त्यांची हुकमत होती, पण जुन्या संगीतातील उताऱ्यांपासून जाझपर्यंत कशालाच त्यांनी अस्पृश्य मानले नाही. काळ हा सरळ रेषेसारखा नसून गोलासारखा आहे, भूत, वर्तमान आणि भविष्य हे त्याच्या पृष्ठभागावर एकाच वेळी हाताशी असतात, अशी त्यांची धारणा होती. ‘डी सोल्डाटेन’ हा त्यांचा प्रचंड ऑपेरा १९६५ साली कोलोनमध्येच पहिल्यांदा रंगमंचावर आला. विद्यार्थ्याने पुढच्याच वर्षी आपल्या वाद्यवृंदाच्या नावात ‘ग्लोब’ हा शब्द घातला, तेव्हा गुरूचा तो गोल त्याच्या मनात होता की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्या वाद्यवृंदाचे संगीत ऐकताना मला त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

महाविद्यालयाच्या बाहेर त्यांचे दुसरे शिक्षण चालू होते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते व्हायब्राफोनवादक गुंटर हाम्पेल यांच्या संचात होते; त्या संचाचा ‘हार्टप्लांट्स’ हा अल्बम १९६५ चा. त्यानंतर ट्रम्पेटवादक मानफ्रेड शूफ यांचा पाचजणांचा संच आला, ज्यात गेर्ड डुडेक सॅक्सोफोनवर, बुशी नीबरगाल बासवर (खर्जाच्या मोठ्या उभ्या तंतुवाद्यावर) आणि याकी लीबेत्साइट ड्रमवर होते. या संचाचा ‘व्हॉइसेस’ हा १९६६ चा अल्बम आजही ऐकण्यासारखा आहे, कारण अमेरिकन जाझचा हात धरून चाललेली ही मंडळी तो हात नेमका कुठे सोडतात, ते त्यात ऐकू येते. हाच संच पुढे त्सिमरमान यांनी आपल्या ‘एका तरुण कवीसाठी रेक्विएम’ (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना) या १९६९ च्या महाकाय रचनेतही घेतला. गुरूच्या छापील रचनेत शिष्याचे संगी-साथी उत्स्फूर्त वादन करत आहेत, हे चित्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लिहिलेले संगीत आणि न लिहिलेले संगीत यांच्यात भिंत असते हे या लोकांना कुणी शिकवलेच नव्हते.

इथे पियानोवादक म्हणून मला एका अडचणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वाद्य न वाजवणाऱ्या रसिकाच्या ती सहसा लक्षात येत नाही. फ्री जाझच्या सुरुवातीच्या काळात पियानो हे नकोसे झालेले वाद्य होते. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या १९५९ च्या चौघांच्या संचात पियानो नाही, सॅक्सोफोनवादक आल्बर्ट आयलर यांच्या १९६४ च्या प्रसिद्ध त्रयीतही, म्हणजे तिघांच्या संचातही, नाही. त्याचे कारण साधे आहे. सॅक्सोफोनवाला स्वर वाकवू शकतो, ताणू शकतो, दोन स्वरांमधल्या जागेत जाऊन बसू शकतो; पियानोच्या पट्ट्या ट्यूनरने जशा लावून दिल्या तशाच बोलतात. पट्टी दाबल्या क्षणापासून स्वर विरू लागतो आणि त्याला पुन्हा फुंकर घालता येत नाही. शिवाय जाझच्या परंपरेत पियानोचे काम होते इतरांच्या पायाखाली कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची, जमीन अंथरण्याचे, आणि नव्या मंडळींना तर नेमकी ती जमीनच नको होती. मग पियानोने करायचे काय? अमेरिकेत सेसिल टेलर यांनी या प्रश्नाला एक उत्तर दिले, ते असे की पियानोला ८८ स्वरांचा तालवाद्यसमूह मानून तो तितक्याच ताकदीने वाजवायचा. युरोपात ज्यांनी आपापली उत्तरे शोधली त्यांत बेल्जियमचे फ्रेड फान होव्हे, स्वित्झर्लंडच्या इरेन श्वाइत्सर, हॉलंडचे मिशा मेंगलबर्ग आणि श्लिपेनबाख ही चार नावे मी सर्वांत आधी घेईन. टेलर यांचा प्रभाव श्लिपेनबाख यांच्यावर आहेच, तो लपवण्याचे कारण नाही. पण त्यांच्या हातांखाली ऐकू येणारे स्वरसंघात निराळ्या घरातून आलेले आहेत. त्यात कोलोनची बारास्वरी शिस्त आहे आणि अमेरिकन जाझ पियानोवादक व रचनाकार थेलोनिअस मंक यांचा अडखळता, टोकदार ठसकाही आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बोटांत नांदाव्यात हे मला आजही विलक्षण वाटते.

१९६६ साली बर्लिनच्या ‘रियास’ या नभोवाणी केंद्राकडून त्यांना एका मोठ्या रचनेचे काम मिळाले. त्यासाठी त्यांनी शूफ यांचा संच आणि सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्समान, बासवादक पेटर कोव्हाल्ड यांच्या वर्तुळातली मंडळी एकत्र आणली, त्यांत हाम्पेल आणि हॉलंडचे विलेम ब्रॉयकर यांच्यासारखे इतर मिळवले, आणि ३ नोव्हेंबर १९६६ रोजी बर्लिनच्या जाझ महोत्सवात फिलहार्मोनीच्या सभागृहात ‘ग्लोब युनिटी’ ही रचना सादर झाली. ज्या सभागृहात वाद्यवृंदसंचालक कारायान बेथोव्हन आणि ब्राम्स सादर करत, तिथे ब्रोट्समान यांच्या सॅक्सोफोनचा आवाज घुमला. श्रोत्यांमध्ये त्यावरून सरळ दोन तट पडले. डिसेंबरमध्ये कोलोनला तिचे ध्वनिमुद्रण झाले आणि ‘साबा’ कंपनीने तबकडी काढली. तिच्यावर दोन बास आहेत आणि दोन ड्रमवादक, लीबेत्साइट आणि मानी नॉयमायर. जर्मन रॉक संगीताच्या चाहत्यांना ही दोन्ही नावे ठाऊक असतील, कारण पुढे पहिले ‘कान’ या संचाचे आणि दुसरे ‘गुरू गुरू’ या संचाचे झाले.

ही रचना कशी ऐकावी याबद्दल सांगतो, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो नुसता गदारोळ वाटतो, आणि मलाही पहिल्या वेळी तसाच वाटला होता. मी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोण वाजवतो आहे हे ऐकायचे सोडले आणि किती जण वाजवत आहेत एवढेच ऐकू लागलो, तेव्हा मला तिचा आराखडा दिसू लागला. संपूर्ण वृंदाचे प्रचंड आघात येतात, ते ओसरल्यावर दोघे-तिघे उरतात, त्यांचे बोलणे तापत जाते, मग एक गट येऊन त्यांना गिळून टाकतो. हे आपोआप होत नाही. कोणी केव्हा शिरायचे, कोणता गट कोणासमोर उभा ठाकायचा, घनता कुठे वाढवायची आणि कुठे एकट्या वाद्याला मोकळे रान द्यायचे, हे रचनाकाराने ठरवलेले आहे. त्या रानात वादकाने काय करायचे ते मात्र वादकाचे आहे. ख्याल ऐकणाऱ्या मराठी रसिकाला ही विभागणी परकी वाटू नये. बंदिश चार ओळींची असते, मैफल तासभर चालते, आणि बंदिश बांधणारा कोण व ती मांडणारा कोण याबद्दल आपल्या मनात गोंधळ नसतो. श्लिपेनबाख यांच्या बाबतीत या दोन्ही भूमिका एकाच माणसात आहेत, एवढाच फरक सुरुवातीला धरून चालायला हरकत नाही.

आपल्याकडे हे संगीत ऐकल्यावर अनेक जण लगेच म्हणतात की हा म्हणजे त्यांचा आलापच झाला. मला ही तुलना मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सांगणे मला आवश्यक वाटते. आलापात राग आहे. आरोह-अवरोह, वादी-संवादी, वर्ज्य स्वर, रागाचे चलन हे सगळे गायकाच्या आणि जाणत्या श्रोत्याच्याही मनात आधीपासून हजर असते, आणि गायक त्यापासून किती दूर गेला व कसा परतला हे मोजायला दोघांकडेही तीच पट्टी असते. श्लिपेनबाख यांच्या त्रयीत, जिच्याबद्दल पुढे सांगतो, तसे काहीही सामाईक व्याकरण नाही, सम नाही, परतण्याचे ठिकाण नाही. त्यांच्याकडे जे आहे ते एकमेकांच्या सवयींचे वर्षानुवर्षांचे ज्ञान. तुलना करायचीच असेल तर ती आलापाशी न करता एखादा गायक आणि त्याचा पंचवीस-तीस वर्षांचा तबलजी यांच्या संबंधाशी करावी. तिथे नजरानजर होण्याआधीच कळलेले असते की आता काय येणार.

ही त्रयी १९७० च्या सुमारास उभी राहिली. सॅक्सोफोनवर ब्रिस्टलमध्ये जन्मलेले इव्हान पार्कर, ड्रमवर आखेनचे पाउल लोव्हेन्स, पियानोवर श्लिपेनबाख. १९७२ साली ध्वनिमुद्रित झालेला ‘पाकिस्तानी पोमेड’ हा त्यांचा पहिला अल्बम. त्या वेळी लोव्हेन्स पुरते चोवीस वर्षांचेही नव्हते. त्यानंतर हीच तीन माणसे जवळपास अर्धशतक एकत्र वाजवत राहिली, आणि दर हिवाळ्यात मोटारीने गावोगाव हिंडून कार्यक्रम करण्याचा त्यांचा परिपाठच झाला. या दौऱ्याला ते ‘विंटररायझे’, म्हणजे हिवाळी प्रवास म्हणत. हे नाव शूबर्ट यांच्या १८२७ च्या गीतमालिकेचे. कोणत्याही संगीतप्रकारात तीन माणसांचा एवढा दीर्घ संसार दुर्मीळ आहे. आधी काहीही न ठरवता वाजवणाऱ्यांमध्ये तर तो अधिकच दुर्मीळ, कारण तिथे परिचय हा धोकाही असतो. समोरच्याच्या सगळ्या खुब्या ठाऊक झाल्या की वादन सराईत होऊ लागते, आणि सराईत झालेले उत्स्फूर्त वादन ऐकवत नाही. मी स्वतः ज्या संचांत वाजवले त्यांतले बहुतेक चार-पाच वर्षांत याच कारणाने विसर्जित झाले. या त्रयीने तो धोका कसा टाळला, याचा मी बराच विचार केला आहे.

त्याचे एक कारण त्यांच्या संचाच्या घडणीतच आहे असे मला वाटते. या त्रयीत बास नाही. जाझच्या पियानो संचात बास असला की त्याची खालची सप्तके व्यापली जातात आणि पियानोवादकाचा डावा हात आखडता राहतो; बास नसला की साधा वादक घाबरून डाव्या हाताने बासचेच काम करू लागतो. श्लिपेनबाख यांतले काहीच करत नाहीत. खालची सप्तके ते कधी पूर्ण रिकामी सोडतात, कधी तिथे एखादा गडगडाट उठवून लगेच वर निघून जातात, त्यामुळे त्रयीच्या आवाजाला कायमचा तळ नसतो आणि कुणालाच टेकून बसता येत नाही. दुसरे कारण असे की या तिघांच्या स्वभावांचे कोपरे कधी झिजलेच नाहीत. पार्कर चक्राकार श्वसनाने, म्हणजे श्वास न तोडता, मिनिटेच्या मिनिटे स्वरांची वीण घालू शकतात. लोव्हेन्स झांजा, छोट्या घंटा आणि लाकडावरचे बारीक आवाज अशा सूक्ष्म जगात रमतात. आणि श्लिपेनबाख हे तिघांत मनाने सर्वांत जास्त जाझवाले आहेत, त्यांच्या वादनात अचानक एखाद्या जुन्या चालीची सावली येऊन जाते. एक जण विणतो आहे, दुसरा शिंपडतो आहे आणि तिसरा घण घालतो आहे, अशी ही बैठक आहे, आणि तरीही ते एकमेकांचे ऐकतात. १९९० चा ‘एल्फ बागाटेलन’, म्हणजे ‘अकरा छोटे तुकडे’, हा अल्बम त्यासाठी जरूर ऐकावा. चाळीस मिनिटे अखंड वाजवणारी ही मंडळी थोडक्यात बोलायचे ठरवतात तेव्हा काय होते, ते त्यात कळते.

कलावंताची कारकीर्द केवळ प्रतिभेवर उभी राहत नाही, तिला व्यवस्था लागते, आणि या पिढीने ती स्वतः उभारली. बर्लिनच्या अधिकृत जाझ महोत्सवाला समांतर असा ‘टोटल म्युझिक मीटिंग’ हा मेळा १९६८ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी ‘फ्री म्युझिक प्रॉडक्शन’, म्हणजे ‘एफएमपी’, ही संस्था निघाली. तिची रोजची धुरा बासवादक योस्ट गेबर्स यांनी वाहिली. ब्रोट्समान, कोव्हाल्ड आणि श्लिपेनबाख हे तिच्या पहिल्या मंडळींत होते. एफएमपीची पहिली तबकडी म्हणजे शूफ यांची ‘युरोपियन एकोज’, जिचे ध्वनिमुद्रण जून १९६९ मध्ये ब्रेमेनला झाले. तिच्यात एकाच वेळी तीन पियानो आहेत, श्लिपेनबाख, फान होव्हे आणि श्वाइत्सर यांचे. वर मी जी नावे घेतली त्यांतली तीन एकाच खोलीत ऐकायची असतील तर ती जागा हीच. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभे न राहता वादकांनी स्वतःच्या तबकड्या स्वतः काढल्या, आणि त्याच्या जोडीला जर्मनीतील सार्वजनिक नभोवाणी केंद्रांनी कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे देऊ केली. ग्लोब युनिटीसारखा पंधरा-अठरा जणांचा वृंद निव्वळ तिकिटांच्या पैशांवर कधीच जगला नसता.

जगला तरी तो सरळ रेषेत जगला नाही. १९६७ मध्ये डोनाउएशिंगेनच्या नव्या संगीताच्या महोत्सवात तो वाजला, १९७० मध्ये पुन्हा बर्लिनला. त्यानंतर वूपर्टालमध्ये कोव्हाल्ड यांच्या पुढाकाराने त्याला नवे वळण लागले आणि १९७३ चा ‘लाइव्ह इन वूपर्टाल’ हा अल्बम आला. १९७४ मध्ये हॅम्बुर्गला उत्तर जर्मन नभोवाणीच्या गायकवृंदाबरोबर त्यांनी कार्यक्रम केला. पॉल रुदरफर्ड, केनी व्हीलर, स्टीव्ह लेसी, एन्रिको रावा अशी इंग्लंड, अमेरिका आणि इटलीतली माणसे येत-जात राहिली. फ्रँकफर्टचे ट्रोम्बोनवादक आल्बर्ट मांगल्सडॉर्फ हेही त्यात आले. गोएथे इन्स्टिट्यूटच्या १९६४ च्या आशिया दौऱ्यानंतर त्यांनी रविशंकर यांच्या एका स्वरकल्पनेवर आधारलेली रचना आपल्या संचाकडून वाजवून घेतली होती, हे आपल्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर या वृंदाच्या दोन अल्बमांत मिळते. १९७७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमचे नाव आहे ‘इम्प्रोव्हिझेशन्स’, आणि त्यात नावाप्रमाणे आधी लिहिलेले काहीही नाही. तोच वृंद १९७९ मध्ये ‘कॉम्पोझिशन्स’ नावाचा अल्बम काढतो आणि त्यात व्हीलर, रावा, लेसी आणि खुद्द श्लिपेनबाख यांच्या रचना आहेत. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. मी माझ्या विद्यार्थ्यांना हाच अभ्यास देतो, आणि नावे झाकून देतो. लिहिलेल्या अल्बममध्ये काही चाली इतक्या ठसठशीत आहेत की तिथे फसायला होत नाही, पण इतर अनेक जागी चांगले कान असलेले विद्यार्थीही लिहिलेल्या भागाला उत्स्फूर्त आणि उत्स्फूर्त भागाला लिहिलेला समजतात. डझनभर माणसे काहीही न ठरवता वाजवतात आणि तरीही त्यातून आकार उभा राहतो, त्याचे श्रेय जितके त्या क्षणाच्या श्रवणाला आहे, तितकेच कोणाशेजारी कोणाला बसवायचे हे दहा-बारा वर्षे ठरवत आलेल्या माणसालाही आहे. माणसांची निवड हीच त्याची पहिली रचना असते, असे मी अनुभवाने मानू लागलो आहे.

मेंगलबर्ग आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये आपल्या संस्थेचे नावच ‘इन्स्टंट कम्पोझर्स पूल’ असे ठेवले होते. त्या क्षणी वाजवणारा हा त्या क्षणी रचत असतो, ही त्यामागची भूमिका. श्लिपेनबाख यांना हा विचार परका नव्हता, पण त्यांनी कागदही कधी टाकला नाही. १९८८ मध्ये त्यांनी ‘बर्लिन कंटेम्पररी जाझ ऑर्केस्ट्रा’ उभा केला तो मुख्यतः लिहिलेल्या रचना वाजवण्यासाठीच. पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये रचना व्हीलर आणि मेंगलबर्ग यांच्या आहेत. म्हणजे एवढा मोठा वृंद उभा करून त्यांनी पहिला मान इतरांच्या लेखणीला दिला. १९९३ च्या ‘द मॉरलॉक्स’मध्ये त्यांच्या स्वतःच्या रचना आहेत. जपानी पियानोवादक आकी ताकासे या वृंदात त्यांच्या बरोबरीने होत्या; त्या त्यांच्या पत्नी, आणि स्वतः फार मोठ्या ताकदीच्या वादक. १९९४ मध्ये मांगल्सडॉर्फ यांच्या नावाचा जर्मन जाझ पुरस्कार सुरू झाला, तेव्हा तो पहिला श्लिपेनबाख यांना मिळाला.

त्यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत प्रिय असलेला टप्पा मात्र यानंतरचा आहे. फ्री जाझचा म्होरक्या म्हणून ओळखला जाणारा हा माणूस पासष्टीच्या आसपास थेलोनिअस मंक यांच्या सगळ्याच्या सगळ्या रचना, जवळपास सत्तर, एका रात्रीत वाजवायला बसतो. बास क्लॅरिनेटवर रूडी माहाल, ट्रम्पेटवर आक्सेल डोर्नर, बासवर यान रोडर, ड्रमवर उली येनेसेन, असा हा त्यांच्याहून कितीतरी तरुण मंडळींचा संच. बर्लिनच्या ‘ए-ट्रेन’ क्लबमधली त्यांची ध्वनिमुद्रणे २००५ मध्ये झुरिकच्या ‘इंटाक्ट’ कंपनीने ‘मंक्स कसिनो’ या नावाने तीन सीडींमध्ये काढली. काही रचना पूर्ण विस्ताराने येतात, काहींचा केवळ मुखडा चमकून जातो, काही एकमेकींत गुंफलेल्या असतात. मंक यांच्या रचना वाजवायला किती कठीण आहेत हे त्या हातात घेतल्याशिवाय कळत नाही. त्यात एक स्वर जरी ‘सुधारून’ वाजवला तरी सगळी इमारत कोसळते. श्लिपेनबाख त्यांतला प्रत्येक तिरका स्वर जागच्या जागी ठेवतात, आणि मग त्याच स्वराला धरून मोकळे होतात. चाळीस वर्षांच्या मोकळ्या वादनामागे काय घट्ट धरून ठेवलेले होते, ते या तीन सीडींत उघड झाले असे मला वाटते.

त्याच सुमारास इंटाक्टने ‘ट्वेल्व्ह टोन टेल्स’ हे त्यांचे एकट्याच्या पियानोचे दोन भाग काढले. नावातला ‘बारा स्वरां’चा उल्लेख मनावर घ्यावा. सप्तकातले बाराही स्वर समान मानायचे ठरवले, तर पियानोवादकापुढे एक सोपा पण सुंदर मार्ग असतो, तो म्हणजे सहा स्वर एका हाताला आणि उरलेले सहा दुसऱ्या हाताला वाटून देणे; दोन्ही हात मिळून बारा स्वर पूर्ण करतात आणि कुठलाच स्वर षड्ज होऊन बसत नाही. श्लिपेनबाख यांच्या एकल वादनात मला या वाटणीचा मोठा वाटा ऐकू येतो. ती कागदावर सोडवलेल्या गणितासारखी कोरडी वाटत नाही, याचे कारण त्यांचा पट्टीवरचा स्पर्श. आघात कोरडा, पेडल जपून वापरलेले, त्यामुळे गर्दीतसुद्धा प्रत्येक स्वराची कड दिसते. हे साधायला पियानोवर किती तास बसावे लागते, हे मी माझ्या बोटांवरून जाणतो.

ग्लोब युनिटीची पन्नाशी नोव्हेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्याच जाझ महोत्सवात साजरी झाली, ज्या महोत्सवात तो वृंद पहिल्यांदा उभा राहिला होता. त्या कार्यक्रमाचा अल्बम उपलब्ध आहे, आणि १९६६ च्या तबकडीशेजारी ठेवून ऐकला तर दोन्हींतला फरक मोठा जाणवतो. पहिल्यात तरुण माणसे भिंत पाडायला निघाली आहेत, तर दुसऱ्यात पाडायला भिंत उरलेलीच नाही, त्यामुळे शांत जागा अधिक आहेत आणि एकमेकांना दिलेला वेळही अधिक आहे.

आपण नव्याने ऐकायला बसणार असाल तर मी १९६६ पासून सुरुवात करू नका असे सांगेन. आधी ‘मंक्स कसिनो’ची पहिली सीडी ऐका, कारण तिथे धरायला चाली आहेत. मग ‘एल्फ बागाटेलन’, मग १९७७ आणि १९७९ ची ती जोडी, आणि कान तयार झाल्यावर ‘ग्लोब युनिटी’. यांतले काहीही पार्श्वसंगीत म्हणून लावू नका. वीस मिनिटेच ऐका, पण तेवढीच ऐका. सगळ्यांत शेवटी ‘स्लो पीसेस फॉर आकी’ हा २०२० चा अल्बम घ्या. ऐंशी ओलांडलेल्या श्लिपेनबाख यांनी पत्नीसाठी एकट्याने वाजवलेले हे संथ तुकडे आहेत. पियानोचा स्वर विरतो आणि त्याला पुन्हा फुंकर घालता येत नाही, असे मी वर म्हटले होते. इथे ते स्वर लावतात आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबतात.